रिपोर्टच्या तळाशी चार ओळी

चिचगडच्या पुढे जंगल लागते आणि जंगलापलीकडे एकीकडे छत्तीसगड, दुसरीकडे गडचिरोली जिल्हा. देवरी तालुक्यातल्या या गावात ग्रामीण रुग्णालय आहे आणि आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे आधी तिथेच येतात. पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर सीटी किंवा एमआरआय लिहिली की प्रवास सुरू होतो. देवरी, आमगाव करत गोंदिया गाठायचे, नाहीतर महामार्गाने सुमारे दीडशे किलोमीटरवरचे नागपूर. धानाच्या रोवणीच्या दिवसांत अशा एका फेरीत रुग्णाची आणि त्याच्यासोबत जाणाऱ्याची, दोघांचीही मजुरी बुडते; गाडीभाडे, जेवण आणि तपासणीची फी वेगळी. कोणती तपासणी करायची आणि कुठे करायची, यातले काहीच रुग्ण ठरवत नाही. ते चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर ठरवतो. म्हणून शहरातल्या स्कॅन सेंटरचे खरे गिऱ्हाईक हा डॉक्टर असतो आणि काम वाढवायचे तर सेंटरला त्याच्याच दारात जावे लागते. तिथे काय घेऊन जावे, हा प्रश्न वरवर पाहता धंद्याचा वाटतो, पण त्याचे उत्तर शेवटी रुग्णाच्या खिशातून आणि शरीरातून वसूल होते. माझे म्हणणे असे की सेंटरने डॉक्टरकडे माहिती घेऊन जावे. कोणत्या दुखण्यात कोणती तपासणी, किती लवकर, कोणत्या तयारीने आणि कोणत्या दुखण्यात मुळीच नको, ही ती माहिती. तिच्यासाठी सर्वांत योग्य जागा म्हणजे प्रत्येक रुग्णाबरोबर परत जाणाऱ्या रिपोर्टचा तळ. चकचकीत पुस्तिकेपेक्षा तिथल्या चार ओळी जास्त काम करतात, आणि याला पुरावा आहे.

आज डॉक्टरच्या दारात दुसरेच काही जाते, हे लपून राहिलेले नाही. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एका निदान केंद्राकडून 1,200 रुपयांचा धनादेश आला. त्यांनी एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठवले होते, त्याचा हा ‘मोबदला’. बावस्करांनी 2013 मध्ये महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली आणि हा व्यवहार उघडपणे मांडला. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत रुग्ण पाठवल्याबद्दल भेट, कमिशन किंवा बोनस देणे, मागणे आणि घेणे, तिन्ही निषिद्ध आहेत, आणि निदानासाठी पाठवण्यालाही हा नियम तितक्याच जोराने लागू आहे. 2017 साली राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कमिशनच्या या व्यवहाराविरुद्ध, म्हणजे ‘कट प्रॅक्टिस’विरुद्ध, कायद्याचा मसुदा करवून घेतला, पण त्याचा कायदा झाला नाही. कटाची रक्कम सेंटर आपल्या खिशातून देत नाही, ती तपासणीच्या दरात आधीच मिळवलेली असते. त्यामुळे चिचगडकडचा धानकरी बसभाड्याबरोबर हा भुर्दंडही भरतो, आणि ज्या तपासणीची गरज नव्हती तिचाही भरतो. बंदी आणि तक्रार हे उपाय हवेतच. पण सेंटर आणि डॉक्टर यांच्यात काहीतरी नाते असणारच आहे. ते पैशाचे नको म्हणायचे तर कशाचे असावे, हेही सांगायला हवे.

‘डॉक्टरांना शिकवा’ असे म्हटले की पहिली शंका येते ती परिणामाची. छापील पत्रके दवाखान्याच्या टेबलावर येतात आणि रद्दीत जातात. ही शंका रास्त आहे. छापील शैक्षणिक साहित्याने डॉक्टरांच्या वागण्यात किती फरक पडतो, याचे कॉक्रेन संस्थेने केलेले आढावे सांगतात की फरक पडतो, पण अगदी थोडा. नुसते पत्रक पाठवून कोणी क्रांती केलेली नाही. प्रत्यक्ष जाऊन बोलल्याने मात्र बरेच होते. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेरी अ‍ॅव्हॉर्न आणि स्टीफन सुमराई यांनी अमेरिकेत प्रशिक्षित औषधनिर्मात्यांना डॉक्टरांच्या भेटीला पाठवले. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींची पद्धत तीच, पण विकायचे काही नव्हते, सांगायचे होते ते फक्त पुराव्याने सिद्ध झालेले. या भेटींनंतर अनावश्यक औषधे लिहिण्याचे प्रमाण 14 टक्क्यांनी उतरले. चिचगडसारख्या भागात सेंटरचा माणूस महिन्यातून एकदा दवाखान्यांत फिरतोच. त्याच्या बॅगेत दरपत्रक आणि कॅलेंडर असते. तिथे एका दुखण्यावरचे एक पान असायला वेगळा खर्च येत नाही.

पण सर्वांत महत्त्वाचा पुरावा इंग्लंड आणि स्कॉटलंडमधला आहे, आणि तो थेट आपल्या विषयाचा आहे. मार्टिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या चाचणीत 6 रेडिओलॉजी विभाग आणि त्यांच्याकडे रुग्ण पाठवणारे 244 दवाखाने होते. प्रश्न कंबरेच्या आणि गुडघ्याच्या एक्स-रेचा होता, कारण हे एक्स-रे फार निघतात आणि बहुतेक वेळा त्यांमुळे उपचार बदलत नाहीत. काही दवाखान्यांना दर सहा महिन्यांनी त्यांच्या मागण्यांचा हिशेब कळवला गेला. काहींना परत जाणाऱ्या प्रत्येक एक्स-रे रिपोर्टवर हा एक्स-रे केव्हा लागतो आणि केव्हा लागत नाही हे सांगणारी एक-दोन वाक्ये छापून मिळाली. हिशेब कळवल्याने जवळजवळ काहीच बदलले नाही. रिपोर्टवरच्या त्या वाक्यांनी मात्र मागण्या सुमारे 20 टक्क्यांनी घटवल्या. कारण शोधायला लांब जावे लागत नाही. पुस्तिका येते तेव्हा डॉक्टरसमोर तो रुग्ण नसतो. रिपोर्ट येतो तेव्हा रुग्ण समोर बसलेला असतो, प्रश्न ताजा असतो आणि ते वाक्य नेमके त्याच प्रश्नाचे असते. शिवाय ते सगळ्याच रिपोर्टांवर छापलेले असते, त्यामुळे ‘तुम्ही चुकलात’ असे कोणा एकाला ऐकावे लागत नाही. वरिष्ठ डॉक्टरला धाकट्या रेडिओलॉजिस्टने शिकवायचे कसे, हा आपल्याकडचा मोठा संकोच त्यातून आपोआप सुटतो.

याच्या उलट जाणारा पुरावाही सांगायला हवा. अमेरिकेत जेफ्री जार्विक यांच्या गटाने पाठीच्या तपासण्यांच्या रिपोर्टमध्ये एक तक्ता घातला. अमुक वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांतही असे बदल किती जणांत दिसतात, हे त्यात होते. जवळजवळ अडीच लाख रुग्ण या चाचणीत होते. 2020 मध्ये निकाल आला तेव्हा पाठीवरच्या पुढच्या उपचारांचा एकूण वापर घटलेला नव्हता. अफूजन्य वेदनाशामके लिहिण्याचे प्रमाण किंचित कमी झाले, एवढेच. मग एकीकडे 20 टक्के आणि दुसरीकडे जवळपास शून्य, हे कसे? माझ्या वाचनात फरक वाक्याच्या जातीत आहे. जार्विकांचा तक्ता खरी माहिती देत होता, पण आता काय करायचे ते सांगत नव्हता. एकल्सच्या वाक्यात पुढच्या वेळी काय करायचे ते स्पष्ट होते. म्हणून नुसत्या आकड्यांवर थांबणारे शैक्षणिक साहित्य मला अपुरे वाटते. वेदना नसलेल्या विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के माणसांच्या मणक्यातील चकतीची झीज तपासणीत दिसते, हा 2015 च्या एका मोठ्या आढाव्यातला आकडा डॉक्टरने जाणावाच. पण त्याखाली हेही हवे की ताप, वजन घटणे, पायातली ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, मार लागणे किंवा कर्करोगाचा इतिहास यांपैकी काही नसेल तर पहिले सहा आठवडे कंबरेची तपासणी नको. आणि यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नका.

आता गोंदिया-नागपूरच्या एखाद्या सेंटरने देवरी तालुक्यासाठी अशी पाने करायची ठरवली, तर पहिले पान मी सिकलसेल या रक्ताच्या आजारावर काढीन. पूर्व विदर्भात हा आजार जुना आहे आणि आदिवासी समाजात जास्त आहे. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल अभियान सुरू झाल्यापासून तपासणीही वाढली आहे, म्हणजे समोरचा तरुण सिकलसेलचा रुग्ण आहे हे डॉक्टरला आधीच माहीत असण्याची शक्यता वाढली आहे. अशा तरुणाने मांडी किंवा खुबा दुखतो म्हणून सांगितले, की अनेकदा कंबरेकडे बोट जाते आणि मणक्याच्या एमआरआयची चिठ्ठी निघते. वास्तविक सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते हाड मरू लागते. सुरुवातीच्या काळात एक्स-रे पूर्ण सामान्य दिसतो, एमआरआयमध्ये मात्र हा बदल लवकर पकडता येतो. म्हणून पानावर इतकेच हवे: सिकलसेलचा रुग्ण, खुब्यात किंवा मांडीत दुखणे, चालताना लंगडणे, तर आधी दोन्ही खुब्यांचा एक्स-रे, तो सामान्य असूनही दुखणे राहिले तर मणक्याची नको, दोन्ही खुब्यांची एमआरआय. वेळेत कळले तर हाड कोसळण्याआधी पायावर कमी भार टाकण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतचे पर्याय हातात राहतात. उशीर झाला तर पंचविशीतल्या माणसाला सांधा बदलावा लागतो.

सिकलसेलचेच दुसरे उदाहरण लहान मुलांचे. या आजारात मुलांना पक्षाघात होऊ शकतो. 2 ते 16 वर्षे वयात मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर सोनोग्राफी करून रक्ताचा वेग पाहिला, तर धोका आधी कळतो. वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर नियमित रक्त देऊन पक्षाघात मोठ्या प्रमाणात टाळता येतो, हे 1998 च्या अमेरिकन चाचणीने दाखवले. या तपासणीत किरणोत्सर्ग नाही, सुई नाही. ती आहे हे ठाऊक असलेला खेड्यातला डॉक्टर ती मागेल, ठाऊक नसलेला कधीच मागणार नाही. शैक्षणिक साहित्य म्हणजे फक्त ‘नको’ सांगणे, असा समज या उदाहरणाने दूर व्हावा. आपल्याकडे गरज नसलेल्या तपासण्या होतात आणि गरज असलेल्या राहून जातात. दोन्ही एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात.

‘नको’चे उत्तम उदाहरण शेजारच्या गडचिरोलीनेच घालून दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तिथल्या खेड्यांत लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला गावातल्याच माणसांना श्वास मोजायला शिकवले. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळात मिनिटाला 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त श्वास असले तर उपचार सुरू. बालमृत्यू घटले, आणि निदान एक्स-रेवर अवलंबून नव्हते. घरी राहून उपचार घेण्याजोग्या खोकल्या-तापाच्या प्रत्येक मुलाला एक्स-रेला पाठवू नका, हे वाक्य स्कॅन सेंटरच्या लेटरहेडवर छापलेले दिसले, तर त्या सेंटरच्या पुढच्या वाक्यावर डॉक्टर विश्वास ठेवेल.

यापेक्षा साधी, पण चिचगडच्या माणसाला सर्वांत जास्त वाचवणारी माहिती तयारीची आहे. पित्ताशय पाहायचे तर सहा तास उपाशी यावे लागते, गर्भाशय किंवा मूत्राशय पाहायचे तर लघवी भरलेली हवी. सीटीत रंगद्रव्य टोचायचे असेल तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत लागतो आणि मधुमेहाच्या गोळ्यांची नावे सांगावी लागतात. हृदयात पेसमेकर असेल तर एमआरआय ठरवण्याआधी फोन करावा लागतो. पहाटेच्या गाडीने निघालेला माणूस देवरीच्या स्टँडवर पोहे खाऊन आला की सोनोग्राफी पुढे जाते, आणि पुढे जाणे म्हणजे दुसरी मजुरी. हे सारे चिठ्ठीच्या पाठीवर मराठीत, ठळक अक्षरांत छापता येते. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला डॉक्टरसाठी तीन रिकाम्या ओळी हव्यात: त्रास काय, किती दिवसांपासून, आणि तुम्हाला नेमके काय जाणून घ्यायचे आहे. रुग्णाची माहिती हाताशी असताना वाचलेली तपासणी माहितीशिवाय वाचलेल्या तपासणीपेक्षा अचूक ठरते, असे 2004 मध्ये ‘जामा’त आलेल्या आढाव्यात दिसले आहे. ‘पोट सोनोग्राफी’ एवढीच चिठ्ठी आली तर उत्तम रेडिओलॉजिस्टही अर्ध्या प्रश्नाचेच उत्तर देतो.

गरोदरपणाच्या सोनोग्राफीबद्दल मात्र फार जपून लिहायला हवे. महाराष्ट्राने गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध 1988 मध्येच कायदा केला, 1994 मध्ये देशाचा कायदा आला. गर्भलिंग सांगण्याच्या सोयीची कोणतीही जाहिरात केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे अनेक सेंटरे गरोदरपणाबद्दल काहीच छापत नाहीत, आणि इथे एक खरे नुकसान होते. दिवस किती गेले हे सोनोग्राफीने पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याभराच्या फरकाने सांगता येते. शेवटच्या तीन महिन्यांत तोच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. बाळातले मोठे दोष पाहण्याची तपासणी 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास करतात, कारण ते कळल्यावर निर्णयाला वेळ लागतो आणि 2021 च्या दुरुस्तीनंतरही गर्भपाताच्या कायद्यात 24 आठवड्यांची रेषा महत्त्वाची आहे. आदिवासी पाड्यावरची बाई सातव्या महिन्यात पहिल्यांदा सोनोग्राफीला आली, तर यातले बरेच हातचे निघून गेलेले असते. केव्हा पाठवावे आणि या कायद्याखाली गरोदरपणाच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या ‘फॉर्म एफ’मधल्या 23 कारणांपैकी कोणते कारण चिठ्ठीवर लिहावे, हे डॉक्टरला शिकवणे कायद्याच्या चौकटीतच बसते, उलट कायदा पाळायला मदत करते. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फॉर्मातल्या त्रुटी नुसत्या कारकुनी चुका मानायला नकार दिला. अपुरी चिठ्ठी म्हणजे सेंटरलाही धोका.

सर्वांत कठीण आक्षेप धंद्याचा आहे. कर्जावर यंत्र घेतलेला सेंटरमालक ‘ही तपासणी नको’ असे स्वतःच्या खर्चाने का छापील? त्याला खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. शेजारचे सेंटर कट देत असेल, तर काही डॉक्टर तिकडेच जातील आणि काही महिने उत्पन्न घटेलही. पण कटावर आलेला डॉक्टर जास्त कट मिळेल तिकडे त्याच दिवशी जातो. त्याला टिकवायचा खर्च दरवर्षी वाढतच राहतो. रिपोर्टमुळे ज्याचा रुग्ण बरा झाला, तो डॉक्टर सहसा जात नाही. शिवाय वरच्या उदाहरणांत मणक्याची एक एमआरआय कमी झाली, तर खुब्याची एक आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांची एक डॉप्लर वाढली. ज्या तपासण्या गरज असून आज होत नाहीत, त्यांचा साठा ग्रामीण भागात मोठा आहे, आणि त्या मागायला डॉक्टरला शिकवणे हा सेंटरच्या वाढीचा सरळ मार्ग आहे.

हे सगळे वेषांतर केलेली जाहिरातच नव्हे का, असेही कोणी विचारेल. जाहिरात आहेच, आणि ती लपवायची गरज नाही. तिला ओळखायची कसोटी मात्र ठेवावी. पानावरचा सल्ला पाळून डॉक्टरने रुग्ण दुसऱ्या सेंटरला, किंवा सरकारी रुग्णालयात पाठवला, तरी तो सल्ला तितकाच खरा राहतो का? राहत असेल तर ते शिक्षण. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. जो एक्स-रे ग्रामीण रुग्णालयात निघू शकतो, त्यासाठी गोंदियाला येऊ नका, असे सांगणारे पान या कसोटीला उतरते. पानाबरोबर पेन, मिठाईचा डबा आणि पाकीट आले, की ते उतरत नाही. दुसरी कसोटी तारखेची. सल्ला कोणत्या मार्गदर्शक सूचनेवरून घेतला आणि कधी तपासला, हे पानावर असलेच पाहिजे. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ रेडिओलॉजिस्ट्सने 1989 पासून आणि अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने 1993 पासून अशा सूचना केल्या आहेत. त्या डोळे झाकून उचलू नयेत, कारण त्यात आपला सिकलसेल आणि आपला क्षयरोग पुरेसा येत नाही. पण सुरुवातीला पाया म्हणून त्या पुरेशा आहेत.

ग्रामीण भागात चिठ्ठी लिहिणारे बरेच डॉक्टर आयुर्वेदाचे किंवा होमिओपॅथीचे पदवीधर आहेत. महाराष्ट्र वैद्यक परिषद नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 गुणतासांचे शिक्षण मागते, पण ती अट एमबीबीएस आणि पुढच्या पदव्यांच्या डॉक्टरांना. नागपुरातल्या हॉटेलातली परिषद चिचगडच्या डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही. रिपोर्ट मात्र कोणत्याही पदवीच्या डॉक्टरच्या हातात पडतो.

म्हणून गोंदिया, भंडारा आणि नागपूरच्या सेंटरचालकांना विनंती आहे की पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरचा आणि भेटवस्तूंचा खर्च थांबवावा आणि आपल्या रेडिओलॉजिस्टकडून दहा दुखण्यांवर प्रत्येकी चार ओळी लिहून घ्याव्यात. त्या रिपोर्टच्या तळाशी छापाव्यात, खाली रेडिओलॉजिस्टचा फोन नंबर द्यावा आणि तो उचलावा. चिचगड-देवरीच्या डॉक्टरांनाही सांगणे आहे की सेंटरचा माणूस पुढच्या वेळी दारात आला, तर दर किती आणि आमचे किती हे विचारण्याआधी त्याच्याकडे या चार ओळी मागा.